पंपाला पाणी पाजणे

मी, सुधीर कर्णिक, वाणिज्य पदवीधर, वय चौपन्न, आज स्वतःची चूक आनंदाने नोंदवतो.

घरच्या आल्याच्या बिअरचा काढा उकळला होता. पंपाने बर्फात ठेवलेल्या नळीतून खेळवून तो झटपट निववला नाही, तर वीस लिटर वाया. नवा पंप मात्र नुसताच घुरघुरत होता. पुस्तिकेत ‘प्राइम पंप’ लिहिले होते. बँकेतल्या नोकरीत ‘प्राइम’ म्हणजे अव्वल ग्राहक; त्या सवयीने मी त्याचा अर्थ ‘उत्तम दर्जाचा’ असा घेतला. मी, आणि अशी चूक?

पत्नी मालती, सातारच्या शेतकऱ्याची लेक, हसली. “अहो, विहिरीवरच्या मोटारीलाही आधी पाणी पाजतात. तुमचा बिचारा कोरडाच पळतोय!”

‘प्राइम’ म्हणजे हेच! पाणी भरले. पंप खोकला, आणि धार सुरू झाली.

“पंपाला पाजलंत, आता मला कधी?”

बिअर आंबून तयार झाली की, पंधरा दिवसांनी, असे तिला लेखी दिले आहे.

सुधीर कर्णिक
ठाकुर्ली, १८ जानेवारी २०२६