आठपट पितळ

४ फेब्रुवारी

दुप्पट! उंची दुप्पट, म्हणून पितळही दुप्पट — हे माझा सख्खा भाऊ मला फोनवर सांगतो. माझ्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याने असं लिहिलं असतं, तर मी पुढचं पान उलटलंच नसतं.

बाबांची शिंग फुंकणाऱ्याची जी पितळी पुतळी आहे, तीच एका शाळेला शताब्दीसाठी दुप्पट उंचीची हवी आहे. बाबा गेल्यानंतर भावाकडे, उयिओसाकडे, आलेलं हे पहिलं मोठं काम. साच्यातलं मेण वितळून जातं आणि त्याच जागेत पितळ भरतं; ते किती लागेल हे बाबा मेणाची आकृती हातांवर तोलून सांगत. ती विद्या त्यांच्याबरोबरच गेली. आणि ओतताना पितळ संपलं, तर मूर्ती गळ्यापाशी थांबते. मग आमच्या ओताऱ्यांच्या इगुन गल्लीत त्या ओताऱ्याकडे पुन्हा कोणी काम आणत नाही.

त्याला समरूप आकृती समजावल्या. लांबी, रुंदी, जाडी — तिन्ही दुप्पट, म्हणजे घनफळ आठपट. आतला मातीचा गाभाही आठपट. तो वजा केला तरी उरतं ते आठपटच.

"आठपट? ताई, एवढं पितळ अख्ख्या बेनिन शहरात तरी आहे का?"

हा गणिताचा प्रश्न नव्हे.

६ फेब्रुवारी

आकडेमोड लिहून स्वतः घेऊन गेले. फाटकापर्यंत. आमच्या घराण्यात बाईने मेणाला हात लावायचा नाही आणि ओतकामाच्या आवारात पाऊल ठेवायचं नाही. परदेशातली गणिताची डॉक्टरेट या फाटकाशी निरुपयोगी ठरते.

आवारातले जुने ओतारी इग्बिनोव्हिया काका आडवे आले. "डॉक्टरीणबाई, तिथेच थांबा. भट्टी रुसेल." वर स्वतःचं गणित ऐकवलं — भात्यावर दुप्पट पोरं बसवू, निम्म्या वेळात पितळ पातळ!

"काका, पोरं दुप्पट झाली तरी भट्टीचं तोंड तेवढंच राहणार. दिसेल तिथे व्यस्त चलन लावता येत नाही."

"ऐकलंत का रे," काका मागे वळून म्हणाले, "हिने भट्टी बघितली नाही, पण तिचं तोंड मोजलं."

सगळे हसले. उयिओसासुद्धा. ज्याच्यासाठी मी उन्हात उभी होते तो.

९ फेब्रुवारी

जुने नळ, कुलपं, दारांच्या मुठी — भंगारवाल्यांकडचं सगळं उयिओसाने आणलं म्हणे. अजून कमी पडतंय. "थोडं कमी घेतलं तर?"

आठपट, असं सांगून फोन ठेवला.

१२ फेब्रुवारी

घरात आता वितळवण्याजोगी एकच वस्तू उरली आहे. आईचं पितळी मस्तक. ती गेली त्या वर्षी बाबांनी केलेलं.

"तुझा आकडा पक्का आहे ना, ताई?"

"पक्का नसता तर दिला नसता."

"मग टाकतो."

संताप याचा, की त्याने विचारलं ते अशा आवाजात, जणू आईला मुशीत मीच टाकते आहे. त्याने आठवडाभर आधी हालचाल केली असती, तर ही वेळ आली असती का? ताटातला उकडलेला यामचा कंद थंड झाला. फेकून दिला.

१५ फेब्रुवारी

आज ओतलं. मी फाटकाबाहेर. धार तुटू नये म्हणून सगळ्या मुशी एकदम तापवल्या होत्या.

उयिओसा काळवंडलेल्या चेहऱ्याने बाहेर आला. "निम्मं उरलं, ताई."

अशक्य. साच्यात वाट तुंबली असणार. उद्या माती फोडतील तेव्हा यांचा गलथानपणा उघडा पडेल!

१६ फेब्रुवारी

मूर्ती अखंड आहे. शिंगाच्या टोकापर्यंत. फाटकाशी आणून दाखवली.

मी बुडाशी बोट लावून पितळाच्या भिंतीची जाडी पाहिली. मग बाबांच्या पुतळीची पाहिली. सारखीच.

"थर तेवढाच असतो," उयिओसा म्हणाला. "गाभ्यावर मेण चढवायचं ते इतकंच. मूर्ती लहान असो की मोठी."

"मला सांगितलं का नाहीस?"

"तुला माहीत असेल असं वाटलं. तू कधी विचारलं नाहीस."

पृष्ठफळ चौपट, जाडी तीच. म्हणजे पितळ चौपट. शेंबड्या पोरालाही सुटेल असं उदाहरण. काकांच्या हिशेबात न वाढणारी गोष्ट मला तत्काळ दिसली होती. माझ्या हिशेबातली दिसली नाही.

ज्या फाटकाने हा थर मला कधी बघू दिला नाही, ते जाळून टाकावंसं वाटतं. आणि त्या फाटकाशी उभी राहून फक्त उत्तरं देणाऱ्या बाईच्या थोबाडीत द्यावीशी वाटते.

आई शेवटच्या मुशीत होती. ती मूस ओतावीच लागली नाही. उयिओसाने तो थिजलेला गोळा फडक्यात गुंडाळून माझ्या हातात दिला. नाक नाही, डोळे नाहीत.

१९ फेब्रुवारी

गोळा कडेवर घेऊन फाटकातून आत गेले. काका उठले, कडेवर काय आहे ते पाहून पुन्हा खाली बसले. उयिओसा मेण वितळवत होता. मी त्याच्यासमोर मातीत बसले.

"थर किती जाडीचा?" मी विचारलं.