आमचा ‘कन्हानचा पूल’

१२ नोव्हेंबर, बुधवार

आली जाहिरात! ‘मे महिना’ बँडचा शेवटचा कार्यक्रम, वीस डिसेंबरला, सिव्हिल लाइन्समध्ये. पेपर वाचता वाचता दूध उतू गेलं. अनिश म्हणाला, म्हाताऱ्यांचा रॉक ऐकायला जाताना सोबत गुडघ्याचं मलम ने. भजनात डुलक्या काढणाऱ्या नवऱ्याने मला संगीत शिकवू नये, असं मीही सुनावलं.

गाण्यांची यादीही छापली आहे. सगळी नेहमीचीच, नाचायची. ‘कन्हानचा पूल’ नाही. कधीच नसतं! शहाण्णव सालच्या त्या कॅसेटच्या बी साइडचं शेवटचं गाणं. बँडने ते एकदाही स्टेजवर घेतलेलं नाही. दोघं पुलावर उभी आहेत, त्याला तिला काहीतरी सांगायचंय, आणि कोळशाची मालगाडी येते. ‘थांब जरा, ही गाडी जाऊ दे, मग सांगतो काय म्हणायचं होतं.’ गाडी संपतच नाही, गाणं संपतं. मी तेव्हा अकरावीत होते. मला कोणालाच काही सांगायचं नव्हतं, तरी धाय मोकलून रडले होते.

आणि जाहिरातीत खाली बारीक अक्षरात — ‘गायन : नवा आवाज. विशेष उपस्थिती : मुकुंददादा.’ उपस्थिती! म्हणजे ज्याचा बँड, तो शाल पांघरून खुर्चीत बसणार. दोन वर्षांपूर्वी थायरॉइडचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून ते गायलेच नाहीत म्हणे.

१३ नोव्हेंबर

‘पुलावरचे’ ग्रुप पेटलाय. या गाण्यावर जीव टाकणारे आम्ही साऱ्या विदर्भात अकरा जण! प्रशिक तर उमरेडच्या खाणीत सुपरवायझर आहे, रोज कोळसा पाहतो, आणि तरी त्या गाण्यातली मालगाडी आली की डोळे पुसतो. ठरलं असं की मुकुंददादांच्या घरी जाऊन विनंती करायची — एकदा, एकदाच, स्वतः गा. जायचं मी आणि प्रशिकने. मी का? तर म्हणे मला लाज कमी आहे.

१६ नोव्हेंबर, रविवार

काय दिवस होता! सगळं लिहून ठेवते.

दार दादांच्या बायकोने उघडलं, यमुताईंनी. बर्फीचा डबा घेतला आणि आधीच बजावलं की यांना गाण्याचं विचारू नका. मी पाणी पिऊन लगेच विचारलं.

दादांचा आवाज ऐकून चरकलेच. जाड, खोल, घशात घोंगडी अडकल्यासारखा. ते म्हणाले की ते गाणं कॅसेटमधलं सगळ्यात उंच आहे, तरुणपणीच गळा फाटायचा, म्हणून तर स्टेजवर कधी घेतलं नाही. मी आणि प्रशिक एकमेकांकडे बघायला लागलो. उंच? ते तर केवढं खाली आहे! मी तसं म्हटलं. दादा भडकले. गाणं त्यांचं की माझं? ‘आमचं’ असं अगदी ओठांवर आलं होतं, पण गिळलं.

प्रशिकने मोबाइल काढला. आमच्या कॅसेटवरूनच त्यात भरून घेतलंय गाणं. लावलं. दादांनी दोन ओळी ऐकल्या, कपाळाला आठ्या घातल्या आणि म्हणाले, “हा कोन म्हातारा गाऊन राहिला?”

यमुताई आधी हसल्या, मग त्यांनाच आठवलं. पहिल्या कॅसेटी महिन्याभरात संपल्या. बाकीच्या सीताबर्डीतल्या एका दुकानात भरून घेतल्या होत्या, आणि त्याचं मूळ टेप वाजवायचं मशीन ढिलं चालायचं. म्हणजे आम्ही घेतलेली कॅसेट पहिल्या गाण्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत हळू, आणि हळू म्हणून आवाजही जाड, खालचा! बाकी गाणी आम्ही स्टेजवर जलद ऐकायचो, पण वाटायचं, जोशात येऊन पळवतात. ‘पूल’ मात्र फक्त कॅसेटवरच ऐकलेला.

मग दादांनी कपाटातून अस्सल टेप काढून लावली. चुरचुरीत, भरधाव गाणं, आणि पातळ आवाजाचा एक पोरगा. ‘थांब जरा’ असं म्हणतो, जणू रांगेत घुसतोय! आमच्या गाण्यातला माणूस विनवतो. हा भाव खातो.

चहा न घेता निघालो.

१७ नोव्हेंबर

एवढी वर्षं एका ढिल्या मशीनवर रडले. अनिशला सांगायचं नाही.

१९ नोव्हेंबर

ग्रुपवर महाभारत. अर्धे म्हणतात, अस्सल तेच खरं, आपण आता ते ऐकायची सवय करू. सवय! गाणं आहे की कारल्याचा रस? ज्याच्या हाती ससा तो पारधी — एवढी वर्षं हे गाणं आमच्या हातात आहे, आम्ही ते जपलं, तेव्हा आमचंच खरं, असं मी ठणकावलं. प्रशिक चिडून ग्रुप सोडून गेला. संध्याकाळी परत आला. त्याला दुसरा ग्रुपच नाही.

२३ नोव्हेंबर, रविवार

शेवटी अनिशला सांगितलं. पोटात राहत नाही माझ्या. उचकी लागेपर्यंत हसला. मग वर्तमानपत्रातून डोकंही वर न काढता म्हणाला, “मंग त्या म्हाताऱ्यालेच म्हणा ना गायले. आवाज तं त्याचा आता तसाच झाला असंल.”

कणीक मळत होते. हात तिथेच थांबले.

खरंच की! आमच्या कॅसेटवरचा तो खोल, जाड आवाज आणि त्या दिवशी दादांच्या तोंडून ऐकलेला आवाज — एकच! भरल्या हातांनीच यमुताईंना फोन लावला. त्या म्हणाल्या की ऑपरेशननंतर दादा एकदा गायला बसले होते, आवाज फाटला, तेव्हापासून आंघोळीतसुद्धा गुणगुणले नाहीत. “लोकायसमोर अजून एकदा तसं झालं तं हा माणूस उठून उभा राहणार नाही वं. तुमचं गाणं होईन, माहं घर बसंन.”

फोन ठेवला. पोळ्या जाड झाल्या.

३० नोव्हेंबर, रविवार

तरी गेले, प्रशिकला घेऊन. यमुताईंना विचारूनच गेले. ‘ये, पण ते नाही म्हणाले तर पुन्हा विषय काढायचा नाही,’ ही त्यांची अट.

दादा नाहीच म्हणाले. नवा मुलगा चांगला गातो, त्यालाच गाऊ द्या. माझ्या आवाजाची दया नको. दया हा शब्द ऐकला आणि माझं डोकं फिरलं. अट-बिट विसरले.

“दया कोन करून राहिलं दादा? आमाले आमचं गाणं पाहिजे! तो पोरगा तेवढा खाली उतरूच शकत नाही. तुमाले सोडून हे कोनालेच जमत नाही.”

मोठ्या माणसाशी असं बोलले. दादांनी उठून खिडकी लावली. मग प्रशिकला म्हणाले, लाव ते तुझं म्हाताऱ्याचं.

गाणं सुरू झालं. दुसऱ्या ओळीला दादांनी हळूच सूर लावला. मोबाइलमधला आवाज आणि खोलीतला आवाज — वेगळा करता येईना! दुसऱ्या कडव्यात दादांना ठसका लागला. यमुताई स्वयंपाकघरातून गरम पाणी घेऊन आल्या, पेला ठेवला आणि परत आत गेल्याच नाहीत, तिथेच खाली बसल्या.

दादा पाणी प्यायले. म्हणाले, “घ्या. माहंच गाणं मले तुमच्यापासून शिकावं लागून राहिलं.”

मी रडले. आता लपवण्यात काय अर्थ आहे?

७ डिसेंबर, रविवार

तालमी जोरात. दादांना जुनी खोड — दर कडव्याला घाई करतात. मग प्रशिक, ज्याला बाथरूममध्येसुद्धा गाता येत नाही, तो त्यांना सांगतो की दादा, दमानं, गाडी लांब आहे. गिटारवाले काका कुरकुरतात की या वेगाने वाजवायचं तर झोप येते. विधानसभेच्या हिवाळी अधिवेशनामुळे निम्मे रस्ते बंद, घरी यायला उशीर झाला. अनिशने खिचडी करून ठेवली होती. मीठ विसरला, पण केली.

१९ डिसेंबर

उद्या! यमुताईंनी तीनदा फोन केला. काही काम नव्हतं.

२० डिसेंबर, शनिवार

आधी नवा मुलगा गायला. हॉल नुसता नाचत होता, अनिशसुद्धा खुर्चीतल्या खुर्चीत. मग मुकुंददादा आले. सगळे उठून उभे, टाळ्याच टाळ्या. दादांनी माइक घेतला, सांगितलं, ‘कन्हानचा पूल’ — आणि अर्धा हॉल चहा-समोसा खायला बाहेर गेला!

खरं सांगते, चपला फेकाव्या वाटल्या. शेजारची बाई विचारते, संपला का कार्यक्रम? आम्ही अकरा जण मात्र पुढे जाऊन स्टेजला चिकटून उभे राहिलो. दादांनी रिकाम्या खुर्च्यांकडे पाहिलं, मग आमच्याकडे, आणि गायला सुरुवात केली.

दुसऱ्या कडव्यात आवाज चिरला. विंगेत यमुताई तोंडावर पदर धरून उभ्या. दादा थांबले, श्वास घेतला, आणि चिरलेल्या जागेवरूनच पुढे गेले — न घाबरता, न घाई करता. ‘मग सांगतो काय म्हणायचं होतं.’ असं विनवणं त्या कॅसेटवरही नव्हतं. प्रशिक हुंदके देत होता आणि मी त्याच्या रुमालाला नाक पुसत होते. आयुष्यात काहीतरी पाहिजे होतं आणि ते मिळालं, असं मला फार वेळा म्हणता आलेलं नाही. आज म्हणते.

लोक परत आले तेव्हा शेवटची ओळ चालू होती. एकाने समोसा खात विचारलं, मध्ये काय झालं? मी म्हटलं, काही नाही, गाडी गेली. त्याने आपली जागा शोधली आणि बसला.

२२ डिसेंबर, सोमवार

लंच टाइममध्ये फोन. खुद्द मुकुंददादा! म्हणाले, रात्रभर एकच विचार करून राहिलो. “तुमच्या कॅसेटवर बाकीची गाणी बी तशीच आहेत ना वं? सगळी? खाली?”

मी म्हटलं, हाव दादा, सगळीच्या सगळी.

“मंग रविवारी ये घेऊन. पहिल्या गाण्यापासून बसू.”

शेवटचा कार्यक्रम म्हणे!