तीन वर्षांची प्रार्थना

मुक्काम अमरावती
कार्तिक वद्य ५, शके १७८६

॥ श्री ॥

चिरंजीव पुंजाराम यास आजीचे आशीर्वाद.

वर ‘श्री’ लिहिलं आहे. तुझ्या नव्या धर्माला चालत नसेल तर तेवढा कोपरा फाडून टाक, खालचा मजकूर मात्र फाडू नकोस. पाकिटावर ‘योसेफ’ लिहिलं आहे, कारण अकोल्याचा टपालवाला पुंजारामला ओळखत नाही म्हणे. मी ओळखते, म्हणून आत पुंजाराम.

तू धुळपाटीवर अक्षरं गिरवायचास तेव्हा शेजारी बसून मी चोरून शिकले, तेवढीच माझी शाळा. तू सांगायचास, ‘मले’ लिहिलं की पंतोजी छडी मारतो. म्हणून कागदावर ‘मला’ लिहिते. तोंडानं बोललेलं मात्र बोलले तसंच देईन. त्यावर छडी मारणारा अजून जन्मायचा आहे.

इकडे सगळं बरं. कौशल्या बरी. बाळ बरं आहे, नाक तुझं आलं, त्याला इलाज नाही. थोरली दोघं तुझ्याजवळ, मधली दोघं आणि हे पाचवं माझ्याजवळ. आठ वर्षांत पाच. आमची गायसुद्धा मध्ये दम घेते.

तू बाटलास म्हणून अंजनगावच्या तुझ्या सासऱ्यानं लेकीला दार लावलं, तेव्हा बाळंतपणाला मी तिला इथं आणली. जातीच्या पंचांनी ठरवलं की तिनं आमच्या चुलीपाशी यायचं नाही. ठीक. कापसाच्या कोठडीबद्दल पंच काही बोलले नव्हते. तिथं खाट टाकली. एवढं ऊबदार बाळंतपण अख्ख्या अमरावतीत कोणाचं झालं नसेल. ज्या कापसासाठी विलायतेचे साहेब जीव टाकतात, त्याच्यावर तुझं पोरगं मुततं.

तुझे आजोबा तुझं नाव घेत नाहीत. घेतलं तर त्या दिवशी जेवणार नाही अशी शपथ आहे. पण दिवसातून दहा वेळा ‘कापूस पाहून येतो’ म्हणून कोठडीत जातात. कापूस इतका पाहावा लागत नाही.

तुझं पत्र मिळालं. नाताळ झाला की दमणी घेऊन कौशल्येला न्यायला येतो म्हणतोस. येऊ नकोस. अमेरिकेतल्या लढाईनं कापसाला असा भाव चढला आहे की सगळा रस्ता कापसाच्या गाड्यांनी भरला, तुझ्या दमणीला वाट कोण देणार? शिवाय आपला बैल लंगडतो. तू तुझे बैल आणशील, पण आमचा लंगडताना पाहून तुला वाईट वाटेल. आणि बाळाला थंडी बाधेल. आणखी एक कारण आहे, ते आठवलं की कळवीन.

तुझी आजी
गंगू


मुक्काम अमरावती
मार्गशीर्ष शुद्ध ४

॥ श्री ॥ (कोपरा मोठा ठेवला आहे, फाडायला सोपा जाईल.)

चि. पुंजारामास आशीर्वाद. घरात सगळे उभे आहेत, जेवत आहेत, भांडत आहेत.

तुझं उत्तर वाचलं. रस्त्याला तू आडवाट शोधलीस, बैल भाड्यानं घेतलेस, बाळाला घोंगडं विणवून घेतलंस. पोरगा हुशार निघाला की म्हातारीचे हाल होतात. तर आता उरलेलं कारण ऐक. आठवत होतं तेव्हाही.

बाळंतपणाच्या दिवशी गोदाबाई सुईणीनं मला कोठडीबाहेर ओढलं. हात कोपरापर्यंत लाल. म्हणाली, “गंगू, रगत थांबलं हे नशीब समज. तीन वर्सं हिले दिवस गेले नाई पायजेत. गेले, त मले बोलावू नको. लाकडं बोलाव.”

गोदाबाईला मी चाळीस वर्षं ओळखते. ती घाबरवायला बोलत नाही, तिला तेवढा वेळच नसतो.

तू लिहितोस की तुमचे अकोल्याचे पाद्रीबाबा म्हणतात, लेकरं ही देवाची देणगी, देणगीला नाही म्हणणं पाप, आणि सुईणीची पुडी खाणं म्हणजे खुनाच्या शेजारचं घर. पुडीचं मला सांगू नकोस. त्या पुडीवर भरवसा ठेवलेल्या दोन बायकांची बारशी मी पोटभर जेवून आले. पण तुझ्या देवाचं मला कोडं पडलं. देणारा इतका शहाणा, तर घेणारीचे हात भरले आहेत हे त्याला दिसत नाही?

मग मी विचार केला. धर्म कोणताही असो, नवऱ्याला थोपवायची एखादी तरी सोय त्यात असणारच. आमच्यात एकादशी आहे, चातुर्मास आहे, नवस आहे, आणि काहीच नाही चाललं तर अंगात येणं आहे. तुमच्यात काय आहे ते विचारायला मी वांग्यांची टोपली घेऊन कॅम्पातल्या पाद्र्याच्या बंगल्यावर गेले. आजोबांना सांगितलं, वांगी विकायला जाते. ते म्हणाले, “पाद्र्याले सांगजो, पोरगं बरं हाय.” कोणाचं पोरगं ते नाही सांगितलं.

पडवीत दोन साहेब बसले होते. एक इथला पाद्री, तांबडी दाढी, आठ लेकरांचा बाप. दुसरा नागपूरकडून आलेला पाहुणा पाद्री, सडाफटिंग, वाळलेल्या तुराटीसारखा. मी टोपली ठेवली आणि सरळ विचारलं, “साहेब, माह्या नातसुनेले तीन वर्सं पोर नको. तुमच्या पोथीत काही सोय हाय का?”

दाढीवाला पोथीतल्यासारखं मराठी बोलतो. म्हणाला, “आजीबाई, देवाची आज्ञा अशी आहे की वाढत जा आणि पृथ्वी भरून टाका.”

“कवाची आज्ञा हे?”

“सृष्टीच्या आरंभाची.”

“तवा माणसं किती होती?”

“दोन.”

“मंग दोघायले सांगतलं ते बराबर सांगतलं. आता आमच्या बाजारात येऊन पाहा म्हणा देवाले, पाय ठेवाले जागा नाई. भरली पृथ्वी. भरल्यावर काय करायचं, ते इचारलं का कोणी?”

तुराटी टाळी वाजवून हसला. “आजीबाई योग्य बोलतात! मनुष्ये धान्यापेक्षा लवकर वाढतात. म्हणून गरिबांनी लग्न उशिरा करावे व मन आवरावे. या वर्षी ज्वारी किती महाग झाली पाहा!”

मला वाटलं होतं हा आपल्या बाजूचा. कुठला.

“ज्वारी लेकरायनं नाई खाल्ली, साहेब, तुमच्या गिरण्यायनं खाल्ली. जिथं ज्वारी होत होती तिथं सगळ्यायनं कापसाची पराटी लावली. कापूस शिजवून खाता आला असता त काही तक्रार नोती. अन मन आवरायचं ते गरिबायनंच काहून? श्रीमंताचं मन काय दावणीले बांधलेलं रायते?”

त्यावर दोघे एकमेकांत इंग्रजीत भांडायला लागले. भांडण मला समजलं, भाषा नाही समजली. ज्याला आठ झाली तो म्हणत होता अजून हवीत. ज्याला एकही नाही तो म्हणत होता पुरे झाली. आणि जिनं आठ जन्माला घातली ती आत कांदा चिरत होती.

तीच बाहेर आली, वांगी उचलली आणि मला आत खेचलं. पाद्र्याची मडम. ती मराठी दाईकडून आणि स्वयंपाक्याकडून शिकली आहे, म्हणून माणसासारखं बोलते.

“बुढीमाय, बाहेर काहून इचारता? बाहेर बसते त्यायले काई माहीत नसते.” आठांपैकी तिघं तिनं पुरलीत, दोघं तर इकडच्याच मातीत. हे तिनं वांगं निवडावं तसं सांगितलं, मीही तसंच ऐकलं. मग तिनं कांद्याच्या हातानं पोथी काढली. तुमचा कोणी पावल नावाचा साधू आहे, त्यानं लिहून ठेवलं आहे म्हणे, की नवराबायकोनं एकमेकांना टाळू नये. पण दोघं राजी असली तर प्रार्थनेसाठी काही काळ वेगळं राहता येतं.

“काही काळ म्हंजे किती?” मी विचारलं.

“ते त्यानं नाई लिवलं,” मडम म्हणाली. “आमी दोन वर्सं प्रार्थना करून राहिलो. साहेब त्या खोलीत, मी ह्या खोलीत.”

“साहेबायले चालते?”

“साहेब लई भाविक हायत,” ती म्हणाली आणि वांग्याचं देठ खटकन उडवलं.

तर पुंजाराम, मी तुळशीला पाणी घालणारी बाई तुला सांगते आहे. तुझ्या येशूची प्रार्थना कर. तीन वर्षं कर. गुडघे दुखले तर कळव, तेल पाठवीन.

तुझी आजी
गंगू


मुक्काम अमरावती
मार्गशीर्ष वद्य २

पुंजाराम,

आज ‘श्री’ लिहिला नाही. तुझ्यासाठी नाही, मलाच लिहावासा वाटला नाही.

तुझं पत्र येऊन चार दिवस झाले. तू लिहितोस, त्याच पावलानं पुढं असंही लिहिलं आहे की फार दिवस वेगळं राहू नका, आणि पाद्रीबाबांच्या मते दोन आठवडे पुष्कळ. दोन आठवड्यांत लोणचंही मुरत नाही. पण ते असो. खाली तू एक ओळ लिहिलीस: ‘माझ्या आईलाही लागोपाठ झाली, तिला काही झालं नाही, ती तर तापानं गेली.’

ते वाचून मी कागद ठेवला आणि सरकी काढायला बसले. तीन दिवस सरकीच काढली.

तुझी आई तापानं गेली नाही. तुला तसं सांगायचं मी ठरवलं आणि घरातल्या सगळ्यांना तेच बोलायला लावलं. तू चार वर्षांचा होतास. तुझ्या पाठची मुलगी झाली तेव्हा ती माहेरी होती. तिच्या आईचा निरोप आला, पोरीत जीव नाही, वर्षभर राहू द्या. इकडे वेचणी सुरू झालेली, मला हात कमी पडत होते. मी दीड महिन्यात दमणी धाडली आणि गाडीवानाकडे निरोप दिला की झोपून राहायला आम्ही सून आणलेली नाही. ती आली. वेचणीही केली. मी शेजारणीला म्हणाले, पाहा कशी ठणठणीत आहे. मुलगी उन्हाळ्यात गेली. लोक म्हणाले, दुसरी होईल. मीही म्हणाले, आणि तुझ्या बापालाही तसंच सुनावलं. दिवस गेले. सातव्या महिन्यात ती आडवी झाली. आभाळ भरून आलं होतं आणि मी अंगणात कापसाचा ढीग झाकत होते. तिनं आतून हाक मारली. मला ऐकू आली होती. मी म्हणाले, एवढं झाकून येते.

कापूस भिजला नाही.

हे वाचून तू काय करायचं ते तू ठरव. मी रडत नाही. रडून ती येणार नाही आणि शाई पसरते.

आता पुढचं. त्या पावलाच्या बोलण्यात ‘दोघं राजी असली तर’ असं आहे. तू पाद्र्याला विचारलंस, मी मडमेला विचारलं, सुईणीनं न विचारता सांगितलं. परवा सरकी काढता काढता डोक्यात आलं, कौशल्येला तर कोणी विचारलंच नाही. उठले आणि कोठडीत गेले.

“काय वं, तुले काय पायजे?”

मी इंग्रजी बोलल्यासारखी ती माझ्याकडे बघत राहिली. “मले?”

“तुले. इथं दुसरं कोण हाय? ह्या मुतऱ्याले त बोलता येत नाई.”

ती बाळाचा लंगोट घडी करत राहिली. एकच लंगोट, चार वेळा. मग म्हणाली, “मले अकोल्याले जायचं हाय, आजी.”

खोटं कशाला सांगू, मला राग आला. एवढा कापूस, एवढं डिंकाचं खाणं, दोन पाद्र्यांशी भांडण. “इथं काय कमी पडून राहिलं तुले?”

“कमी काई नाई. माही दोन लेकरं तिथं हायत. अन ते...” तुझं नाव घेईना, लाजली. बाटली तरी लाज सुटली नाही. “ते वाईट नाईत, आजी. म्या नाई म्हणलं त आयकतीन. पण म्या कधी म्हणलंच नाई. मले वाटे, ते म्हणाचंच नसते.”

“मंग आता कशी म्हणशीन?”

“मले निजाले एक खोली पायजे. माही. कडी आतून.”

मी हसले. इतकी हसले की बाळ उठलं आणि आजोबा कापूस पाहायला धावले. मी तीन पत्रं लिहिली, टोपलीभर वांगी घालवली, परधर्माची पोथी ऐकली, आणि या पोरीनं सगळा प्रश्न एका कडीत बसवला.

तेव्हा नाताळ झाला की ये. बैल लंगडत नाही, कधीच लंगडत नव्हता. आजोबा अंगणात असतील. ते तुझं नाव घेणार नाहीत, पण बाळाचं नाव काय ठेवणार ते विचारतील. नीट सांग. योसेफसारखं काही असेल तर हळू सांग.

दमणीत कौशल्येच्या गाठोड्याशेजारी फडक्यात एक लोखंडी कडी बांधून ठेवीन. लोहाराकडून मुद्दाम जाड करून घेतली. ती तिच्या खोलीच्या दाराला आतल्या अंगानं बसव. सुतार बोलावू नकोस, तुझ्या हातानं बसव आणि ती बघत असताना बसव. मग तू बाहेर ये आणि तिला आतून लावायला सांग. बाहेरून दार ढकलून बघ. नाही उघडलं, तर मला दोन ओळी लिही, तेवढ्यावर माझी झोप आहे. उघडलं, तर दमणी तशीच माघारी धाड, तिच्यासकट.

लोभ असू दे. घाई नसू दे.

तुझ्या आईची सासू
गंगू