तळव्याखालचं शेत

२ जून
मिळाली एकदाची नोकरी! छापखाना म्हणजे दोन खोल्या, एक अवजड यंत्र आणि उकाड्यातही हातमोजे घालणाऱ्या मालकीणबाई. छापायचं चित्र एकच, तांब्याच्या पत्र्यावर कोरलेली संध्याकाळ. शेत, चार झाडं, रिकामी वाट. शाई चोपडायची, फडक्यानं पुसायची आणि शेवटचा हात उघड्या तळव्यानंच फिरवायचा. त्याशिवाय आभाळ उजळत नाही म्हणे. घरी आले तर माझे काळे हात बघून चिमणीनं नाक मुरडलं. लेक माझी, वय वर्षं आठ, पण तोरा सासूबाईंचा!

६ जून
बाई म्हणतात, असे पत्रे शे-दीडशे छापांत झिजतात. हा तीस वर्षं चाललाय. मी आपली खूश, पत्रा टिकला तर नोकरीही टिकेल. आज शेतात नांगराची नवी तासं दिसली. आधी माझंच लक्ष नसेल.

११ जून
उकळत्या चहाचा पेला धरून बसले होते. चिमणी ओरडली तेव्हा कळलं. फोड आलाय, पण दुखत नाही. तळव्यावरच्या रेषाही पुसट झाल्यात. आता कुणी हात बघून भविष्य सांगायला बसला तर तोंडघशीच पडेल.

१५ जून
तळवा कोरा. लहानपणी काच लागल्याचा वण होता, तोही गेला. तो चित्रात आहे, वाटेवर आडवा, बांधासारखा. बाईंना दाखवला. त्यांनी मोजे काढले. सोललेल्या अंड्यासारखे गुळगुळीत हात. म्हणाल्या, आधी त्यांनाही भीती वाटायची, मग तीही गेली.

१८ जून
चिमणीला ताप. कपाळावर हात ठेवला, काहीच कळेना. खूप तापलंय का, तिनं विचारलं. माहीत नाही म्हटलं. ती रडली. मला वाईट वाटायला हवं होतं, वाटलं नाही. उद्या नोकरी सोडायची. लिहून ठेवते, म्हणजे विसरणार नाही.

२० जून
राजीनामा लिहिला. खिशातच राहिला. भीती वाटावी म्हणून मागची पानं वाचली. कुणा परक्या बाईची वाटली —

२४ जून
चिमणी शाळेतून थेट इथं छापखान्यात आली. बाई म्हणाल्या, आभाळाला लहान हात चांगला. तिनं पत्र्यावर तळवा टेकला. मी समोरच लिहीत बसलेय. गुदगुल्या होतात म्हणाली, हसली.

आभाळात बारीक रेघा उमटतायत —

आता हसत नाही. माझ्याकडे बघतेय. उठून तिचा हात ओढायला हवा. कळतंय. पण आतून काहीच —

बाईंनी तिचा दुसराही हात