हसू आधी की आनंद

प्रिय अक्षता,

फोनवर बोलायचं तर तुझी आई शेजारीच बसलेली असते, आणि कोथरूडच्या या दोन खोल्यांत कुजबुजायलाही जागा नाही. म्हणून लिहितोय. उभा जन्म मार्केट यार्डात कांदा विकण्यात गेला, तेव्हा भाषा सांभाळून घे.

तुझा मेसेज वाचला. व्हिडिओ कॉलवर बाळाची बातमी सांगितलीस तेव्हा आई ढिम्म बसून राहिली. बाळंतपण टोरांटोलाच करणार म्हणून ती रागावली आहे का, असं तू विचारलंस आणि नंतर फोनच केला नाहीस. आईचा हात थरथरतो एवढंच आम्ही तुला सांगितलं होतं. तो कंपवात आहे. त्यात चेहऱ्याचे स्नायूही आखडतात, असं डॉक्टर म्हणाले. तुला कळू द्यायचं नाही, हा तिचाच हुकूम.

मला सारखे तिचे कॉलेजात शिकवण्याचे दिवस आठवतात. दुसऱ्या दिवशीचा तास ती आदल्या संध्याकाळी माझ्यावर घेऊन बघायची, मेथी निवडता निवडता. मानसशास्त्रातला भावनांचा धडा तर मला पाठच झाला. कोणी म्हणतं, दुःख होतं म्हणून आपण रडत नाही, रडतो म्हणून दुःख होतं. शरीर आधी, भावना मागून. कोणी म्हणतं, दोन्ही एकदमच. कोणी म्हणतं, छातीत नुसती धडधड होते, तिला भीती म्हणायचं की प्रेम, ते आपण आजूबाजूला बघून ठरवतो. यासाठी सरकार तुम्हाला पगार देतं का, असं मी विचारायचो. ती इतकी हसायची की निवडलेली मेथी पुन्हा देठांत मिसळायची.

चेहरा बंद पडला तरी आत सगळं शाबूत असणार, अशी मी स्वतःची समजूत घातली होती. त्या दिवशी तू कॉल बंद केलास आणि ती मला आरशासमोर घेऊन गेली. माझी बोटं स्वतःच्या ओठांच्या कडांवर ठेवून तिनं त्या वर उचलायला सांगितल्या. चेहरा आधी हसला तर मागून आनंद येतो का, ते तिला बघायचं होतं. मी तसाच धरून उभा राहिलो. हात भरून आले तरी ती अजून थोडं, अजून थोडं म्हणत होती.

शेवटी तिनंच माझे हात खाली घेतले. लेकीला बाळ होणार हे तिला कळतं, पण आत काहीच होत नाही, असं ती म्हणाली. औषधानं ते परत येईल का, डॉक्टर खात्री देत नाहीत. हे ऐकून तू खचशील, म्हणून आई रागावलीच आहे असं तुला लिहायला तिनं मला बसवलं. राग काय, चार दिवसांत जातो, असं समजून तू निश्चिंत राहशील, असा तिचा हिशोब. मला ते लिहवेना. मला हे एकट्याला झेपत नाही, पोरी. ती खरंच रागावलेली असती, तर मी आज सोसायटीत पेढे वाटले असते.

तुझाच,
बाबा