कॅसेटमधला पांढरा धागा

पप्पा, तुम्ही गेल्यापासून माळ्यावर पडलेल्या तुमच्या कॅसेटी मी काढल्या. धूळ उडते म्हणून आई नको म्हणत होती, मी तिच्यावर ओरडलो आणि काढल्याच. माझं डोकं अजून तसंच आहे, पटकन तापतं. कॉलेजही तसंच सुटलं, अर्ध्यात, सरांशी भांडून. आता मुलुंडला एका स्टुडिओत लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो. म्हणजे तुम्ही करायचात तेच.

कॅसेट तिच्यासाठी काढली. ती, खालच्या मजल्यावरची, लहानपणी दिवसभर आपल्याच घरात असायची ती. तिचं लग्न ठरलंय. मुलगा ऐरोलीचा, इंजिनियर. तिची आई मागेच वारली. फोटो आहेत, पण हलती-बोलती आई कुठेच नाही, फक्त त्यांच्या नव्या रूममध्ये भिक्खूंनी येऊन परित्राण पाठ म्हटला तेव्हा तुम्ही शूटिंग केलं होतंत, त्यात. "लग्नाच्या हॉलमध्ये लावायचंय," ती म्हणाली. "तूच कर ना. दुसऱ्या कुणाला नाही देणार मी." हे एवढं वाक्य मी किती दिवस चघळत होतो. तिला मी कधीच काही बोललो नाही, आणि आता बोलून काय.

तर कॅसेटमध्ये बुद्धमूर्तीपासून निघालेला पांढरा धागा पाण्याच्या कलशाला वेढा घालून एकेकाच्या हातातून पुढे जातो. तिची आई भिंतीला टेकून बसलीय, पांढरी साडी, डोळे मिटलेले, हात पुढे, ओठ हलतायत. कॉम्प्युटरवर एडिट करून शेवटची फाईल काढली की सगळी वाट लागायची. कुणाचा हात हलला की त्याच्या कडेला फणीसारखे दात, आणि धागा सारखा लुकलुकतोय, आहे, नाही, आहे, नाही. मी वैतागलो. सॉफ्टवेअरमध्ये एक सोपा पर्याय असतो, चित्र ज्या आडव्या ओळींचं बनतं त्यातल्या निम्म्या सरळ टाकून द्यायचा. तो दाबला. दात गेले, लुकलुक गेली. मी खूश होऊन तिला जिन्यातच मोबाईलवर दाखवलं.

"आईच्या हातातला धागा कुठाय रे?"

"असेल की. बारीक आहे तो."

"नाहीये. नीट बघ ना. नुसते हात पुढे करून बसलीय ती. हॉलमधल्या लोकांना वाटेल, काहीतरी मागतेय."

"यार, फुकटात करतोय मी, त्यात तुझे नखरे..."

"मग नको करूस. कॅसेट दे माझ्याकडे."

कॅसेट दिली नाही. वर येऊन दार आपटलं. आतून आई म्हणाली, "दाराचा काय गुन्हा?"

हे तुमचं वाक्य, पप्पा. आईला आठवत तरी असेल का, माहीत नाही. मला मात्र एकदम तो दिवस दिसला. हीच कॅसेट तुम्ही टीव्हीला जोडून बघताय. धागा लुकलुकतोय म्हणून मी टीव्हीला बाजूने एक सणसणीत चापट मारतो. तुम्ही माझा हात धरता. "टीव्हीचा काय गुन्हा रे?" मग आईच्या दोन फण्या आणता, एकीचे दात दुसरीच्या फटींत घालता. म्हणता, हे एक चित्र, दात म्हणजे त्याच्या ओळी. कॅमेरा आधी ही फणी काढतो, मग ती. धागा इतका बारीक की एकाच फणीत सापडतो, दुसरीच्या वेळी त्या जागी कुणीच नसतं. "मग तेव्हा तो कुठे जातो?" मी विचारतो. "जातो कुठे? तिथेच असतो. आपली पाळी यायची वाट बघतो." आई ओरडतेय, माझ्या फण्या द्या, केस ओले आहेत.

तर निम्म्या ओळी टाकताना मी धाग्याची फणीच फेकून दिली होती.

दुसऱ्या दिवशी स्टुडिओत सगळं पुसून पहिल्यापासून बसलो. तुमच्या कॅमेऱ्यात खालच्या ओळींची फणी आधी येते, मी वरच्या ओळींची आधी लावली होती, म्हणून पडद्यावरचे हात मागेपुढे थरथरत होते. तो क्रम बदलला. दोन्ही फण्या ठेवल्या, प्रत्येकीचं वेगळं पूर्ण चित्र केलं. आणि त्याआधी धाग्यापुरती जागा वर-खाली अगदी किंचित धूसर केली, म्हणजे तो दोन्ही फण्यांत थोडा थोडा उतरला. आता धागा पूर्वीइतका रेखीव नाही. पण जात नाही कुठे.

हॉलमध्ये मी मागे लॅपटॉपपाशी होतो. पडद्यावर तिची आई आली, हातात धागा. लेक स्टेजवरून बघत राहिली. नवऱ्याने तिच्या पाठीवर हात ठेवला. मग जेवणाच्या पंगतीत माझ्यापाशी येऊन म्हणाली, "झकास केलंस रे. जेवलास का?" मी हो म्हणालो. जेवलो नव्हतो.

हे लिहिलेलं कॉम्प्युटरवर तुमच्या कॅसेटच्याच फोल्डरमध्ये ठेवतोय. त्यात अजून एक तुकडा आहे. तिच्या आईवरून तुमचा कॅमेरा खाली येतो, तिथे ती आणि मी, लहानगे, मांडी घालून बसलोय, तिच्या हातातून धागा माझ्या हातात आलाय, आणि कॅमेऱ्यामागून तुमचा आवाज येतो, "धरून ठेव रे, ओढू नको." तिला मी सांगितलं, कॅसेट तुझ्या आईपाशीच संपते. तो तुकडा मी दुरुस्त केलेला नाही. तसाच लुकलुकतो. बघतो कधीकधी.