सगळं ग्रँड

३ फेब्रुवारी, मंगळवार

योजना बंद! व्यवस्थापनाने तीन ओळींत कळवले, आणि त्या तीन ओळींतही दोन चुका.

पाच वर्षे याच रुग्णालयात राहणाऱ्या डॉक्टरचे उरलेले शैक्षणिक कर्ज रुग्णालय फेडणार, तोवर हप्त्याचा अर्धा भार उचलणार — या शब्दावर मी इथे चार वर्षे काढली. आणि आता माघार! सांगलीचा आमचा फ्लॅट याच कर्जापायी बँकेकडे गहाण आहे. हप्ता मी बाबांकडे पाठवते, बँकेत ते भरतात.

दुपारी फोनवर त्यांच्यापाशी हे निसटलेच तोंडून. लगेच सावरले. "पण काळजी नको बाबा, मी मजेत आहे." "आम्हीही मजेत," ते म्हणाले. विषय संपला.

१२ फेब्रुवारी

रुग्णालयाची समिती आमचे म्हणणे ऐकणार आहे. आमचे म्हणजे तिघांचे: मी, लातूरचा अंबरीश आणि क्लिओना. क्लिओना इथलीच, आयरिश. आधी इतिहासात पदवी, मग वैद्यकीय — त्यामुळे कर्ज आमच्याइतकेच घसघशीत.

अंबरीशची योजना: "ताई, मी रडतो. मला चांगलं येतं."

"आपण भीक मागत नाही आहोत. युक्तिवाद करतो आहोत."

"रडू दे की थोडं," क्लिओना म्हणाली.

नियम ठरवले. रडगाणे नाही. इस्त्रीचे कपडे. ताठ कणा.

२२ मार्च, रविवार

रंगीत तालीम. अंबरीशचा टाय मोडलेल्या हाताच्या झोळीसारखा लोंबत होता. मीच बांधून दिला. "ताई, श्वास घ्यायची परवानगी आहे ना?" — नको तिथे विनोद!

२४ मार्च

अकरा मिनिटे बोलले. निर्दोष. ही सवलत असेल तर डॉक्टर टिकतात. नसेल तर ऑस्ट्रेलियाला जातात, आणि त्यांच्या जागी दुप्पट दराने तात्पुरते आणावे लागतात. समितीचे अध्यक्ष ब्रेंडन यांनी चष्मा काढून ऐकले. बाजी आमची होती!

मग त्यांनी अगदी मायेने विचारले, हप्ते भरताना तुमचे कसे काय चालले आहे?

"ग्रँड!" — क्लिओना. (इथल्या बोलीत 'मजेत'.)

"ग्रँड, थँक यू." — अंबरीश.

आणि मी — मी! — मान ताठ ठेवून म्हणाले, "सगळं ग्रँड."

ब्रेंडन यांचा जीव भांड्यात पडलेला स्पष्ट दिसला.

२५ मार्च

निर्णय: डॉक्टरांना अडचण नाही, सबब योजनेची गरज नाही.

"मी रडतो म्हणालो होतो," — अंबरीश.

३० मार्च

विचार करते आहे. क्लिओना सांगते, तिचे आजोबा पाय मोडून पडले होते तेव्हाही रुग्णवाहिकावाल्याला "ग्रँड" म्हणाले. आमच्या घरी तरी वेगळे काय? एकशे तीन ताप असताना आई दारात आलेल्या शेजारणीला "मजेत!" म्हणायची आणि वर चहाही करायची. मला वाटायचे, याला संस्कार म्हणतात.

फेरसुनावणी मागितली. मिळाली.

१९ एप्रिल, रविवार

व्हिडिओ कॉल. बाबांच्या मागे दिनदर्शिका तिरकी, आणि भिंत चक्क पोपटी! "रंगकाम काढलंय," बाबा म्हणाले. पोपटी? आईने कसा चालवून घेतला? "आवडला तिला." वय झाले की अभिरुचीही ढळते की काय! दिनदर्शिका तरी सरळ करा म्हटले. केली — आता दुसऱ्या बाजूला तिरकी.

२८ एप्रिल

या वेळी मुद्दे नव्हते. कोट काढला आणि अस्तर उलटून दाखवले. चार हिवाळ्यांचा कोट. अस्तर मी शस्त्रक्रियेच्या टाक्यांनी शिवले आहे. (टाके उत्तम आहेत, हेही सांगितले.) अंबरीश शहराबाहेर ॲडम्सटाउनला आणखी तिघांबरोबर एका खोलीत राहतो, रात्रपाळीहून येतो तेव्हा त्याच्या गादीवर दुसरा झोपलेला असतो. क्लिओना चौतिसाव्या वर्षी आईवडिलांच्या अडगळीच्या खोलीत, इस्त्रीच्या टेबलाशेजारी. आणि माझे आईवडील सांगलीत, गहाण पडलेल्या घरात.

"पण गेल्या वेळी तर तुम्ही म्हणालात—" ब्रेंडन गोंधळले.

"ते आम्ही सगळ्यांनाच सांगतो," मी म्हणाले.

त्यांनी चष्मा काढला. मग हळूच म्हणाले, मीही.

अंबरीश रडला. न ठरवता. मी रडले नाही. मला सर्दी होती.

८ मे, शुक्रवार

योजना कायम! तिघांनाही लागू, पूर्ण पाच वर्षे! अंबरीशने शिरा करून आणला. साखर जास्त, रवा कच्चा. मी दोनदा घेतला. क्लिओनाने मला मिठी मारली. कोटाचा एक टाका उसवला. असो.

९ मे

सकाळीच फोन लावला. "बाबा, जिंकलो! एक वर्ष, मग फ्लॅट मोकळा!"

आईचा आवाज बाजूने आला: "सांगा आता तिला."

फ्लॅट एप्रिलमध्येच विकला. कर्ज फेडूनही टाकले. पोपटी भिंत घरमालकाची आहे.

"तुझ्या डोक्यावरचं ओझं गेलं ना, बास," बाबा म्हणाले. "आम्ही अगदी मजेत आहोत."